साखर कारखान्याचं संचालक मंडळ नक्की ठरवतं तरी काय?

मिरजेचा

पुण्यात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला साखर कारखाना घेतला, कारण वडील सभासद आहेत आणि घरात पेपर उघडला की आधी एफआरपीची, म्हणजे उसाच्या किमान भावाची बातमी. आता अडकलोय. वर्गात शिकवतात की कंपनी बाजार बघते, स्वतःची ताकद बघते आणि पाच वर्षांचा आराखडा करते. इथे उसाचा किमान भाव केंद्र ठरवतं, साखरेचा किमान विक्रीदर केंद्र, दर महिन्याला किती साखर विकायची तो कोटा केंद्राचा, निर्यात होणार की नाही ते केंद्राच्या हातात, इथेनॉलचा दरही केंद्राचाच. मग मंडळ बैठकीत ठरवतं काय, भडंग की भजी? गंमत करत नाही, खरंच विचारतोय. 2018 नंतर सगळे इथेनॉलकडे धावले आणि डिसेंबर 2023 मध्ये एका आदेशानं सगळं थांबलं. तेव्हा आत काय चाललं होतं, कुणी सांगेल का? गाइड म्हणतात 'स्वॉट' करून आणा, म्हणजे ताकद, कमजोरी, संधी, धोके. चारही चौकोनांत मला 'सरकार' एवढंच लिहावं लागतंय.

ताळेबंद

चारही चौकोनांत सरकार लिहिलंस तर फार चूक नाही, पण मार्क मिळणार नाहीत.

मी 31 वर्षं एका सहकारी कारखान्यात अकाउंटला होतो, शेवटची 9 वर्षं चीफ अकाउंटंट. नाव लिहीत नाही, गळीत सुरू झालं की अजून तिथे मोळी टाकायच्या कार्यक्रमाला जातो.

आधी एक हिशेब कर. उतारा 12 टक्के धर, म्हणजे टनाला 120 किलो साखर. 2018-19 ला एफआरपी 10 टक्क्यांना 2750 आणि वरच्या प्रत्येक टक्क्याला 275, म्हणजे टनाला 3300. फेब्रुवारी 2019 ला साखरेचा किमान दर किलोला 31 झाला, त्यानं 120 किलोचे 3720. मधले 420 रुपये कारखान्याचे, त्यात पगार, चुना, गंधक, दुरुस्ती आणि बँकेचं व्याज. आता 2023-24 घे. एफआरपी 10.25 टक्क्यांना 3150, म्हणजे 12 टक्क्यांना 3687 च्या आसपास. साखरेचा किमान दर तोच, 31. उरले 33 रुपये. बाजारात साखर 31 च्या वर विकत होती हे खरं, आणि बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची वीज, आणि मळी, म्हणजे साखर काढून उरलेला पाक, यांचा आधारही असतो. पण उसाचा भाव दरवर्षी चढणार आणि आपल्या पायाखालची फरशी तिथेच राहणार, एवढं त्या दोन आकड्यांवरून कळतं.

तरी इथेनॉलचं खरं कारण नफा नव्हतं. पैसा किती वेगानं परत येतो, ते होतं. साखर पाच महिन्यांत तयार होते आणि कोट्याप्रमाणे वर्षभर विकली जाते. तोवर पोती गोदामात, बँकेच्या तारणात, आणि व्याज चालू. उसाचं बिल मात्र 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर 15 टक्के व्याज. बँक पोत्यावर उचल देते, त्यातून आधीचे हप्ते कापते, आणि जे राहतं ते शेतकऱ्याच्या बिलाला पुरत नाही. याला आम्ही शॉर्ट मार्जिन म्हणतो. हा शब्द प्रोजेक्टमध्ये घाल, गाइडना बहुतेक माहीत नसेल. इथेनॉलचा टँकर तेल कंपनीच्या डेपोला गेला की तीन आठवड्यांत पैसे. आमच्या चेअरमनना डिस्टिलरी आवडली ती त्या तीन आठवड्यांसाठी.

2018 च्या मे महिन्यात साखर कारखान्यावर 26 रुपयांच्या आसपास आली होती. ज्यानं तो उन्हाळा काढला त्याला इथेनॉल हा शब्दच गोड लागत होता. त्याच वर्षी जैवइंधन धोरण आलं, बी-हेवी मळी, म्हणजे साखरेची शेवटची फेरी न काढता ठेवलेली मळी, आणि थेट रसापासून इथेनॉल करायला मोकळीक मिळाली, जीएसटी 18 वरून 5 वर आला, कर्जाच्या व्याजात सवलत मिळाली. आम्ही रोजच्या 30 हजार लीटरची डिस्टिलरी 1 लाखावर नेली. ऐंशी कोटींच्या घरात कर्ज. फाइल मीच केली होती, म्हणून सांगतो, त्यात 'सरकारनं धोरण बदललं तर' असा एकही तक्ता नव्हता. बँकेनं मागितला नाही, आम्ही दिला नाही.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. 2021 ला एक सल्लागार आले होते. त्यांचं म्हणणं, आता तुम्ही बी-हेवीवर जाणार, मग सी साखर, म्हणजे शेवटच्या फेरीची, काढायची गरज काय? सी पॅन, क्रिस्टलायझर, सीची सेंट्रिफ्यूगल मशीनं मोडीत काढा, जागा मोकळी होईल, देखभाल वाचेल. मंडळ जवळजवळ तयार झालं होतं. आमचे चीफ केमिस्ट अडून बसले. ते फार बोलणारे नव्हते. एवढंच म्हणाले, दरवर्षी ऑफ सीझनला मला तेल-ग्रीस आणि चार माणसं द्या, मशीनं राहू द्या. मी स्वतः त्या खर्चावर पेन्सिलनं खूण केली होती, अनावश्यक म्हणून.

7 डिसेंबर 2023, गुरुवार. 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट त्या वर्षीचा होता, साखर कमी पडणार असा धाक, निवडणूक तोंडावर. संध्याकाळी आदेश आला, रस आणि सिरपपासून इथेनॉल बंद. गव्हाणीत ऊस पडतोय, रस डिस्टिलरीकडे जातोय, बाहेर अड्ड्यात दोनशे गाड्या उभ्या. एमडींच्या केबिनमध्ये सगळे उभ्यानंच बोलत होते. रात्री रसाची लाइन बंद झाली, सगळा रस साखरेकडे. बी-हेवीचं पुढं काय होणार कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून केमिस्टनी सी पॅन चालू करायला घेतले. दोन दिवसांत सी साखर निघायला लागली. 15 डिसेंबरला आदेश थोडा सैल झाला, पण देशभरात मिळून 17 लाख टन साखरेइतकंच वळवायचं अशी मर्यादा आली. महिनाअखेरीस तेल कंपन्यांनी सी-हेवीच्या, म्हणजे सी साखर काढून उरलेल्या मळीच्या, इथेनॉलला लीटरमागं 6.87 जादा दिले, दर 56.28 झाला. आमच्याकडे सी मळी होती. ज्यांनी सी विभाग मोडून टाकला होता, ते बी मळीच्या भरलेल्या टाक्यांकडे बघत बसले. तो साठा वापरायला परवानगी मिळाली एप्रिल 2024 ला.

तर मंडळ काय ठरवतं? ऊस, साखर, इथेनॉल यांचे दर ठरवता येत नाहीत. कुठला कॉक उघडा ठेवायचा आणि कर्ज किती घ्यायचं, एवढं हातात असतं. आम्ही पहिल्यात वाचलो, दुसऱ्यात नाही. ते ऐंशी कोटी फिटायचे होते रसाच्या इथेनॉलच्या दरावर, तेव्हा लीटरला 65.61.

आणखी एक. ज्या अंदाजावरून बंदी आली तो चुकला. सुरुवातीला राज्यात नव्वद लाख टनांच्या आत साखर होईल म्हणत होते, हंगाम संपला तेव्हा 110 लाख टनांच्या घरात गेली.

फर्मेंटर

साहेब, सी पॅनचं मान्य. पण कॉक उघडा ठेवणं फुकट नसतं. मी डिस्टिलरीत आहे, खाजगी कारखान्यात. आमच्याकडे आता मक्यापासून इथेनॉलची लाइन बसवलीय, ऑफ सीझनला डिस्टिलरी बंद राहू नये म्हणून. सहकारी कारखान्यांसाठीही मार्च 2025 ला केंद्रानं अशीच योजना आणली. कागदावर छान दिसतं. पण मका दळायचा, शिजवायचा, पेंड वाळवायची, हा वेगळाच कारखाना आहे. बगॅस हंगामात संपवला तर उन्हाळ्यात बॉयलरला काय घालणार? आणि मक्यासाठी पोल्ट्रीवाल्यांशी भांडायचं. त्यात तेल कंपन्यांच्या 2025-26 च्या वाटपात उसाच्या इथेनॉलचा हिस्सा एक तृतीयांशापेक्षाही कमी आलाय. ज्या पिकासाठी हे सगळं उभं केलं तेच मागं पडलं. प्रोजेक्टसाठी सुचवतो, एक सहकारी आणि एक खाजगी कारखाना शेजारी ठेव. खाजगीत मालक पंधरा दिवसांत ठरवतो, सहकारीत वार्षिक सभा असते. घाईनं घेतलेला निर्णय कुठे अंगाशी आला तेही बघ, आमच्याकडेही आहेत.

आडसाली

काका, हिशेब झकास मांडलाय. फक्त एक माणूस राहिला, तो म्हणजे मी.

तुमच्याकडं कॉक हाय, फिरवला की साखरेचं इथेनॉल, उलटा फिरवला की साखर. आमचा ऊस जुलैत लावला की सोळा-अठरा महिने रानातच. त्याचा कॉक कुठं असतोय? बी-हेवी केली तर उतारा कमी दिसतो, ती घट धरून एफआरपी काढायची हा नियम हाय, पण किती घट धरली ते आमाला कळायला सभेत चार प्रश्न विचारावे लागतात आणि मग माइक बंद पडतोय. आणि ते शॉर्ट मार्जिन. शॉर्ट पडलं की बिल दोन तुकड्यांत. 2022 ला राज्यानं तशी सोयच करून दिली होती, ती हायकोर्टानं मार्च 2025 ला रद्द केली. तोवर सोसायटीच्या पीककर्जाचं व्याज आमीच भरलं की.

पोरा, तुझ्या स्वॉटमध्ये एक चौकोन आमचा घाल.

ताळेबंद

आडसाली, खोटं नाही. बिलाचे तुकडे करायचा तक्ता मीच बनवायचो. बँकेकडून जितकं कमी मिळायचं तितकं तुमच्याकडे थांबायचं, आणि तुमच्या पैशावर आम्ही व्याज कधी दाखवलं नाही.

मिरजेचा

सगळ्यांचे आभार. काका, एकच विचारतो. रसाची बंदी नंतर उठली ना? मग ती लाइन आता चालत असेल, कर्ज फिटत असेल?

ताळेबंद

29 ऑगस्ट 2024 ला उठली. पत्र आलं तेव्हा मी निवृत्त होऊन दोन महिने झाले होते, केमिस्टनी फोन करून वाचून दाखवलं. पण त्या हंगामात ऊसच कमी, राज्याची साखर 80 लाख टनांच्या आसपास थांबली. आमचं गळीत फेब्रुवारीतच आटोपलं. रसाची लाइन एक दिवसही उघडली नाही. हप्ता मात्र दर तिमाहीला जातोय.

केमिस्टचा नंबर हवा असेल तर वैयक्तिक निरोप टाक. दुपारी तीननंतर फोन कर, त्याआधी ते उचलत नाहीत.