मदत हवी आहे: मॅगी टलिव्हरच्या जोडीला मराठी नायिका कोण?

एमएच्या पेपरसाठी जॉर्ज एलियटच्या 'द मिल ऑन द फ्लॉस' (१८६०) मधल्या मॅगीची तुलना करायचीये. ती तिच्यावर प्रेम करणाऱ्या स्टीफनबरोबर बोटीतून निघून जाते, लग्न न करताच परत येते, आणि सख्खा भाऊ टॉम तिला घरात घेत नाही, माझ्या मते सगळा जीव याच प्रसंगात आहे. इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' नाटकातली नोरा लावून पाहिली पण ती सोडते नवऱ्याचं घर, इथे ओढ माहेरची, जमेना. विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) मधल्या मुली फार जवळच्या वाटल्या पण त्या कथा आहेत, गाईडना कादंबरीच हवीये, १९६० आधीची, आत्मचरित्र चालणार नाही. नवरा नाही तर भाऊ किंवा वडील हाच जिचा खरा पेच आहे अशी नायिका कुठल्या मराठी कादंबरीत आहे?