पोलिसांवर गाणं लिहिणाऱ्याने पोलिसाचं काम करावं का? (आइस क्यूब आणि आमचा पोरगा)

सातपूर सेकंड शिफ्ट

आमच्या ग्रुपमधल्या एका पोराला मालिकेत काम मिळतंय. हवालदाराचं. तीन दिवस शूटिंग, चार-पाच वाक्यं. हाच तो पोरगा, ज्याने गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या होळकर पुलाजवळ फोनवर बीट लावून रॅपच्या सोळा ओळी म्हटल्या होत्या. रात्री कामावरून येणाऱ्या पोरांना पोलीस अडवून खिसे उलटे करायला लावतात, त्यावर. गोदावरीचं पाणी पायऱ्या चढत होतं, त्याची वही दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली होती, आणि शेवटची ओळ झाल्यावर कोणी टाळी वाजवली नाही, कारण प्रत्येकाला आपापली रात्र आठवत होती.

आता निम्मा ग्रुप म्हणतोय, हा विकला गेला. मी म्हणतोय, काम घे. आणि माझा दाखला अमेरिकन रॅपर आइस क्यूबचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खरं नाव ओशे जॅक्सन, जन्म १९६९, लॉस एंजेलिस. शाळा संपल्यावर ॲरिझोनातल्या फिनिक्सला जाऊन वर्षभराचा ड्राफ्टिंगचा कोर्स केला, आपल्या आयटीआयमधल्या ड्राफ्ट्समन ट्रेडसारखा. मी तोच ट्रेड केलाय, म्हणून हे माझ्या कायम लक्षात राहिलं. एन.डब्ल्यू.ए. हा त्याचा रॅप गट. त्यांचा १९८८ चा अल्बम, त्यातलं बरंच लिखाण याचं. त्यातल्या पोलिसांवरच्या गाण्यामुळे ऑगस्ट १९८९ मध्ये एफबीआयच्या अधिकाऱ्याने रेकॉर्ड कंपनीला पत्र पाठवलं. त्याच वर्षाअखेरीस पैशाच्या हिशोबावरून हा गट सोडून बाहेर पडला. १९९१ मध्ये दिग्दर्शक जॉन सिंगलटनच्या पहिल्याच चित्रपटात डोबॉय नावाच्या पोराची भूमिका केली. पुढे २०१२ मध्ये पडद्यावर पोलीस कॅप्टन, २०१४ मध्ये पोलीस डिटेक्टिव्ह.

माणूस तोच आहे. बदलला असेल तर कुठे बदलला, ते दाखवा.

पंचवटीकर

भाऊ, तू स्वतःच दाखवलंस की. १९८९ मध्ये डेट्रॉइटच्या कार्यक्रमात ते गाणं सुरू करताच पोलीस स्टेजकडे धावले आणि कार्यक्रम तिथेच संपला. एवढी ताकद होती त्या शब्दांत! त्याच तोंडाने पंचवीस वर्षांनी पोलीस बनून प्रेक्षकांना हसवायचं? पोलीस म्हणजे रागीट पण मनाने चांगला काका, असं चित्र लोकांच्या डोक्यात बसतं. ते बसवायला त्याचाच चेहरा लागतो, कारण त्याच्या चेहऱ्यावर लोकांचा विश्वास आहे. पैसे त्या विश्वासाचे मिळतात, अभिनयाचे नाही.

आपल्या पोराचंही तेच. मालिकावाल्यांना हवालदार कुठेही मिळेल. त्यांना "रस्त्यावरचा" चेहरा हवाय, म्हणून ते नाशिकपर्यंत आले.

मखमलाबादची

दादा, तुम्ही दोघंही पोलिसांवर अडकलात. मी त्याचे जुने अल्बम ऐकले आहेत, पूर्ण, शब्द समोर ठेवून. बायकांना ज्या शब्दांनी हाक मारली आहे ते मी इथे लिहू शकत नाही. १९९१ च्या अल्बममध्ये कोरियन दुकानदारांची दुकानं जाळण्याची धमकी आहे, त्यावर मोठा वाद झाला होता. "सच्चा होता तेव्हाचा" म्हणताना हेही सच्चं धरायचं का? मला विचाराल तर चित्रपटाने त्याला माणसांशी बोलायला शिकवलं. गाण्यात समोरचा कायम शत्रू असतो. सीनमध्ये समोर आई असते, शेजारीण असते, आणि तिलाही वाक्य द्यावं लागतं.

सातपूर सेकंड शिफ्ट

ताई, हे मान्य. मी त्या ओळी टाळून ऐकतो आणि ते बरोबर नाही.

पण पंचवटीकर, डोबॉयचा शेवटचा सीन आठव. भाऊ गेलाय, बदला घेऊन झालाय, सकाळ आहे. हा मित्राच्या पायरीवर बसतो, थोडं बोलतो, उठतो, हातातल्या बाटलीतली दारू जमिनीवर ओततो आणि रस्ता ओलांडून जातो. आवाज चढत नाही. गाण्यात ज्याने एवढा आरडाओरडा केला, तो इथे हळू बोलतो आणि जास्त लागतं. हा माणूस नुसता चेहरा विकायला आला होता असं तुला वाटतं?

आणि खरी गोष्ट त्यानंतरची. सिंगलटननेच त्याला पटकथा लिहायच्या नादी लावलं. १९९५ मध्ये डीजे पूहबरोबर त्याने स्वतः एक विनोदी चित्रपट लिहिला. दिग्दर्शक एफ. गॅरी ग्रे, ज्याने आधी त्याच्याच गाण्याचा व्हिडिओ केला होता. दोन मित्र, घरासमोरचा व्हरांडा, एक दिवस. साधारण ३५ लाख डॉलरमध्ये झाला आणि अमेरिकेतच अडीच कोटींच्या वर कमावले. आपल्या गल्लीत लोक हसतातही, हे त्याला दाखवायचं होतं. गट सोडला तो हिशोबावरून, म्हणून पुढे निर्मिती कंपनीही स्वतःची काढली. लेखणी आणि हिशोबाची वही दोन्ही हातात ठेवली त्याने.

देवळालीगाव

मुलांनो, मी रॅप ऐकत नाही, पण हा वाद मला ओळखीचा आहे. आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात फिरले. वस्तीत, कंदिलाच्या उजेडात. त्यांना ऐकलेली माणसं अजून नाशकात आहेत, त्यातला मी एक. दुसरीकडे अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारून मैदानं उठवणारा शाहीर. त्यांनी चित्रपटात कामही केलं. म्हणून कोणी त्यांना शाहिरांच्या पंगतीतून उठवलं नाही. दादा कोंडके लोकनाट्यातून आले आणि १९७१ मध्ये स्वतः निर्माता होऊन उभे राहिले. तुमच्या अमेरिकन पोराने केलं ते आपल्याकडे आधीच झालेलं आहे.

पण एक फरक सांगतो. अमर शेख सिनेमा करून परत मैदानात यायचे. परत येतो का, ते बघा.

पंचवटीकर

काका, तोच तर माझा मुद्दा आहे. आइस क्यूब २००५ मध्ये लहान मुलांच्या गाडीप्रवासाचा चित्रपट करत होता. हा परत येणं म्हणतात?

सातपूर सेकंड शिफ्ट

२०१५ मध्ये आला. एन.डब्ल्यू.ए.च्या गोष्टीवर चित्रपट झाला, निर्मात्यांत हा, त्याची भूमिका त्याच्याच मुलाने केली, जगभरात २० कोटी डॉलरच्या वर गल्ला. डेट्रॉइटचा तो प्रसंगही त्यात आहे. पोलिसांवरचं गाणं ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं त्यांनी ते मल्टिप्लेक्समध्ये ऐकलं. आधीची वीस वर्षं स्टुडिओत पाय रोवले नसते तर हा चित्रपट त्याच्या हातून झाला असता? रॅपही सोडलं नाही, २०२४ मध्ये नवा अल्बम काढला.

पंचवटीकर

मुलाला घेऊन स्वतःची आरती! त्यात त्या काळच्या बायकांच्या बाजूच्या गोष्टी कुठे गेल्या, ते ताईंना विचार. पण ठीक, डेट्रॉइटचा मुद्दा मी मागे घेतो. आपल्या पोराच्या हातात मात्र ना पटकथा, ना कंपनी. चार वाक्यं, तीही दुसऱ्याची. क्यूबचा दाखला त्याला लागू पडत नाही. तू त्याला लेखणीशिवाय पाठवतोयस.

मखमलाबादची

हे मात्र बरोबर बोललात. त्या वाक्यांत समोर कोण आहे? कोणाला दम देतोय तो हवालदार? स्क्रिप्ट वाचली का कोणी?

वहीवाला

मीच तो. शिफ्टवाल्या भाऊने लिंक पाठवली, सगळं वाचलं.

ताई, समोर एक भाजी विकणारी म्हातारी आहे. तिची टोपली पायाने सरकवायची आणि "उचल हे" म्हणायचं. ऑडिशन परवाच झाली. मी सतरा वर्षांचा असताना मला एका चौकीत रात्रभर बसवून ठेवलं होतं, कोणती ते सांगत नाही. तिथला एक जण अजिबात ओरडायचा नाही. जांभई देत बोलायचा. मी तसंच बोललो. जांभई दिली आणि म्हटलं, "उचल हे." म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंनी टोपली उचललीच नाही, माझ्याकडे बघत राहिल्या. मग दिग्दर्शक म्हणाले, थोडं प्रेमळ कर, लोक जेवताना बघतात.

मी म्हटलं, प्रेमळ मला येत नाही, मी हाच माणूस बघितलाय. त्यांनी उद्यापर्यंत वेळ मागितलाय. प्रेमळच हवा असेल तर ते दुसरा बघतील. जांभई ठेवली तर मी जाणार आहे, आणि पंचवटीकर भाऊ, तेव्हा तू माझ्याबरोबर सेटवर यावंस असं मला वाटतं.