प्रतिसाद : नारिंगी गळा नसलेली माशीमार

एका वाचकाने पाठवलेल्या छायाचित्रातल्या पक्ष्याचा गळा नारिंगी नाही, म्हणून ती लाल कंठाची माशीमार (कीटक टिपणारा एक छोटा पक्षी) नसावी, असे मूळ नोंदीत म्हटले आहे. मात्र नारिंगी गळा केवळ प्रौढ नराला असतो, आणि मादी व कोवळे नर फिकट तपकिरीच दिसतात. म्हणून शेपटीच पाहावी. फांदीवर बसताच हा जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचा पक्षी काळसर शेपटी झटक्यात वर उचलतो, तेव्हा तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे स्वच्छ उठून दिसतात. युरोपच्या पूर्व भागापासून पुढे वीण करून हे चिमुकले जीव हिवाळ्यात आपल्या रानांत येतात, याचे मला दरवर्षी नव्याने अप्रूप वाटते. सावलीतून येणारी त्यांची कोरडी ‘ट्रर्रर्र’ अशी साद ऐकू आली, तर जागीच थांबावे.