मदत हवी आहे : तान्ह्या बाळांच्या संस्थेत काम करायचंय

नमस्कार मंडळी,

बँकेतून निवृत्त झाले, राहते कोथरूडला. ससूनच्या ‘सोफोश’सारख्या संस्थेत, जिथे अनाथ आणि सोडून दिलेली बाळं सांभाळतात, आठवड्यातून दोन-तीन सकाळी जावं असं मनात आहे. दूध पाजणं, ढेकर काढणं, तेल लावून अंघोळ, सगळं येतं. नातवंडं याच हातांनी वाढवलीत.

इथे कुणी असं काम केलंय का? पोलीस पडताळणी आणि वैद्यकीय तपासणीला किती वेळ लागला? नवख्या बाईला बाळ हातात देतात, की आधी दुपट्यांच्या घड्या? (घड्यांनाही माझी ना नाही.)

खरी काळजी लळ्याची. रोज नवे हात आले तर बाळ बावरतं, आणि एकाच बाळाला धरून बसावं तर उद्या ते दत्तक जाणार. जायलाच हवं म्हणा! पण तोवर त्याला माझी फार सवय लावावी का? अनुभवी ताई-दादांनी, विशेषतः तिथल्या मावशींनी, सांगावं.

आणि कृपया उत्तरात बाळांचे फोटो टाकू नका. बाल न्याय कायदा २०१५च्या कलम ७४नुसार त्यांची ओळख उघड करायला बंदी आहे.