‘संकट’, ‘धीर’ आणि ‘शील’: रोमकरांस पत्रातील तीन शब्द

प्रश्न : बायबलच्या नव्या करारात पौलाने रोममधील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात ‘संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा निर्माण होते’ असे वाक्य आहे. शील म्हणजे चारित्र्य. ते धीराने निर्माण कसे होईल? मूळ शब्द कोणता असावा?

उत्तर : मूळ ग्रीक शब्द ‘दोकिमे’. त्याच कुळातील ‘दोकिमोस’ हे विशेषण पारखून खऱ्या ठरलेल्या नाण्याला आणि धातूला लावीत. सराफ सोने काळ्या कसोटीवर घासतो, उमटलेल्या रेघेवर आम्लाचा थेंब सोडतो आणि ती टिकते की विरते यावरून कस सांगतो. म्हणून मला ‘शील’पेक्षा ‘कस’ मुळाच्या जवळचा वाटतो. अडचण एवढीच, की कसोटी सोन्यात काही घालत नाही, आणि पौलाचे क्रियापद तर ‘घडवून आणणे’ या अर्थाचे आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (१:७) सोने अग्नीने पारखले जाते. आग पारखतेही आणि हिणकस जाळतेही, त्यामुळे तो दृष्टान्त येथे अधिक चपखल बसतो.

दुसरे उत्तर : वरच्या उत्तरात ‘अडचण’ हा शब्द सहज आला आहे, पण खरी गंमत त्यातच आहे. ‘कपाट आणल्यापासून खोलीत फार अडचण झाली’ असे आपण म्हणतो, तेव्हा अर्थ दाटीचा असतो. संस्कृतात ‘संकट’ या विशेषणाचाही अर्थ अरुंद, चिंचोळे असाच आहे. पौलाचा ‘थ्लिप्सिस’ हा शब्द दाबणे, चेपणे या अर्थाच्या धातूपासून आला असून, मत्तयाच्या शुभवर्तमानात (७:१४) जीवनाकडे नेणारा ‘संकोचित’ मार्ग त्याच धातूने वर्णिला आहे. हिब्रूतही तेच: बायबलच्या जुन्या करारातील स्तोत्र ११८:५ मध्ये गाणारा ‘मेत्सर’मधून, म्हणजे चिंचोळ्या जागेतून, हाक मारतो आणि त्याला उत्तर मिळते ते ‘मेरहाव’मध्ये, ऐसपैस जागी. दुःखाचे कारण त्याला कोणी सांगत नाही, जागा मिळते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग ‘धीर’ योग्य आहे का?

दुसरे उत्तर : बऱ्याच अंशी. मूळ ‘हुपोमोने’, म्हणजे शब्दशः ‘खाली राहणे’: ओझे टाकून न पळता त्याच्याखाली उभे राहणे. आपण ‘धीर धरणे’ पुष्कळदा नुसते वाट पाहण्यासाठी वापरतो. ‘तग धरणे’ म्हटले तर तो भार जाणवतो.