दा विंची कोड वाचून तुम्ही काय काय शोधत बसलात?

२००५ साली हॉस्टेलवर रात्री साडेदहाला रूममेटच्या हातातून डॅन ब्राउनची ही कादंबरी घेतली आणि सकाळी मेसमध्ये चहाला गेले ती संपवूनच. दोन-तीन पानांची प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी काहीतरी टांगून ठेवलेलं, मग खाली कसं ठेवणार? येशूचं त्याच्या मग्दालीया मरीया या शिष्येशी लग्न झालं होतं, चर्चनं ते दडपलं आणि प्रायरी ऑफ सायन नावाची संघटना ते गुपित जपतेय, हे त्यातलं रहस्य. पण मला खरं पकडलं ते कादंबरी सुरू व्हायच्या आधीच्या पानानं. तिथे 'हे तथ्य आहे' असं बजावून सांगितलं होतं की प्रायरी ऑफ सायन ही १०९९ साली स्थापन झालेली खरीखुरी गुप्त संघटना आहे, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तिची कागदपत्रं मिळाली आहेत आणि त्यांत न्यूटन, लिओनार्दो अशी नावं आहेत. मी ते अक्षरशः खरं मानलं. पुढची दोन वर्षं भेटेल त्याला ऐकवत होते.

मग कळलं की ही संघटना १९५६ साली प्येर प्लांतार नावाच्या माणसानं आणि त्याच्या मित्रांनी फ्रान्समध्ये नोंदवली होती. ती जुनी म्हणवणारी कागदपत्रंही त्याच कंपूनं रचून १९६०च्या दशकात ग्रंथालयात ठेवून दिली होती. फार वाईट वाटलं. कादंबरीत काय वाटेल ते रचावं, त्याला माझी हरकत नाही. राग आहे तो त्या एका पानाचा.

पण त्या रागातूनच मी मूळ गोष्टी शोधून वाचायला लागले, हेही तितकंच खरं. तुमचं काय झालं? विश्वास बसला, श्रद्धा दुखावली, की जाऊन बघितलंत? 'छान आहे, आवडलं' एवढ्यावर भागवू नका, सविस्तर लिहा.

मडगावहून

२००६ला चित्रपट आला तेव्हा आमच्या गोव्यात त्यावर बंदी आली. सेन्सॉरनं मात्र प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आणि 'हे काल्पनिक आहे' अशी पाटी घालून सोडला होता. बंदी आली म्हणून मी मुद्दाम मुंबईला मामाकडे जाऊन बघून आलो. परत आल्यावर शेजारच्या आंटीला मोठ्या उत्साहात सगळं रहस्य सांगायला गेलो. लहानपणापासून त्यांच्या घरी नाताळचं दोदोल आणि नेवऱ्या खाल्लेला मी! त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि इतकंच म्हणाल्या, "बाब, तुका तें कोडें. म्हाका तो देव."

बंदीला माझा तेव्हाही विरोध होता, आजही आहे. २००४ साली पुण्यात एका पुस्तकावरून भांडारकर संस्थेची मोडतोड झाली होती, ते चित्र डोळ्यांसमोर ताजं होतं. पुस्तकाला उत्तर पुस्तकानंच द्यावं. पण आंटींचं ते वाक्य माझ्यातून गेलेलं नाही. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातलं रहस्य आपल्याला इतकं चविष्ट का लागतं, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

पॅरिसला जाऊन आलेली

लूव्र संग्रहालयाच्या काचेच्या पिरॅमिडला बरोबर ६६६, म्हणजे सैतानाच्या आकड्याइतकी, तावदानं आहेत असं पुस्तकात आहे. माझा नऊ वर्षांचा मुलगा उन्हात उभा राहून मोजत होता आणि दर वेळी तिसऱ्या ओळीत चुकत होता. संग्रहालयाचा आकडा आहे ६७३.

वसईहून

माझ्या आजीचं नाव मग्दालेन. त्यामुळे हे पुस्तक आमच्या घरात नुसतं पुस्तक म्हणून आलंच नाही. मी तेव्हा बारावीत होते. चर्चनं मग्दालीया मरीयेला पापिणी ठरवून तिची जागा लपवली, हे वाचून मी पेटून उठले आणि आजीला जाब विचारला की तुम्ही सगळ्या बायका हे इतकी वर्षं ऐकून कशा घेता?

आजी वाल सोलत बसली होती. म्हणाली, "लपवली कुठे? दर ईस्टरला वाचतात की." आणि तिनं मला बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला विसावा अध्याय तोंडपाठ सांगितला. पहाटे अंधारात मरीया कबरीशी येते, कबर रिकामी असते. ती रडत असते. मागे कुणीतरी उभं आहे, तो माळी असेल असं तिला वाटतं. तो फक्त तिचं नाव घेतो आणि ती ओळखते. पुनरुत्थित येशूला सगळ्यांत आधी बघणारी ती. पुरुष शिष्यांना बातमी देणारीही तीच. सांगताना आजीचे हात थांबले होते.

पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की माझा राग अगदीच चुकीचा नव्हता. ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला लूकच्या शुभवर्तमानातल्या निनावी पापी स्त्रीशी जोडलं आणि तो शिक्का पश्चिमेच्या चर्चमध्ये शेकडो वर्षं राहिला. बायबलमध्ये तिला वेश्या कुठेही म्हटलेलं नाही. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलै या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. तोवर आजी नव्हती.

मला पुस्तकाबद्दल खरी तक्रार ही आहे की मरीयेला मोठी करायची तर तिला कुणाची तरी बायको करावं लागलं. मूळ गोष्टीत तिला त्याची गरजच नाही.

विज्ञानशिक्षक, सोलापूर

याच लेखकाच्या आधीच्या 'एंजल्स अँड डीमन्स' या कादंबरीत सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून पाव ग्रॅम प्रतिद्रव्य (साध्या द्रव्याला भिडताच दोन्ही नष्ट होऊन ऊर्जा सोडणारं द्रव्य) चोरून व्हॅटिकन उडवायचा कट आहे. वर्गात मुलं दर वर्षी विचारतात. सर्ननं आजवर तयार केलेलं सगळं प्रतिद्रव्य एकत्र केलं तरी त्यातून एक दिवा काही मिनिटं जळेल, इतकीच ऊर्जा निघते. आणि त्यात गॅलिलिओला इल्युमिनाती या गुप्त संघटनेचा सभासद केलंय, पण ती १७७६ साली जर्मनीतल्या बव्हेरियात निघाली. गॅलिलिओ १६४२ सालीच गेला, तो तिचा सभासद कसा असेल? तरी त्या पुस्तकामुळे मुलं प्रतिद्रव्याबद्दल विचारतात याचा मला आनंदच आहे.

म्युनिकहून

माझे बाबा साताऱ्याला शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर आमच्याकडे आले तेव्हा मी मिलानची तिकिटं काढली. लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' हे येशू आणि त्याच्या शिष्यांचं चित्र सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे. आत पंधराच मिनिटं मिळतात आणि थोडीच माणसं एका वेळी सोडतात. हवेतली धूळ, दमटपणा आत जाऊ नये म्हणून एकामागून एक बंद होणाऱ्या काचेच्या दारांतून जावं लागतं.

मी पुस्तक वाचूनच गेलो होतो. त्यामुळे येशूच्या शेजारची व्यक्ती बाईच आहे आणि सुरी धरलेला तो हात कुणाचाच नाही, हे दोन्ही मी बाबांना दाखवायला अधीर झालो होतो. बाबांनी हातातल्या माहितीपत्रकाची गुंडाळी केली, सुरीसारखी धरली, मनगट उलटं वळवून कमरेशी टेकवलं आणि म्हणाले, "बघ, पीटर पुढे वाकलाय आणि हात मागे राहिलाय. माझ्या वर्गातली पोरंही इथेच चुकायची." या हाताचा लिओनार्दोनं वेगळा अभ्यास करून ठेवलाय, ते रेखाचित्र इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंझर इथल्या संग्रहात आहे. आणि येशूच्या शेजारी आहे तो योहान. तो शिष्यांत सगळ्यांत तरुण मानला जाई, म्हणून फ्लॉरेन्सचे चित्रकार त्याला असाच बिनदाढीचा, कोवळ्या चेहऱ्याचा काढत.

उरलेला वेळ बाबा टेबलक्लॉथकडे बघत होते. घडी घालून ठेवलेलं कापड उलगडल्यावर ज्या चौकोनी मोडी दिसतात, त्या पाचशे वर्षांनंतरही तिथे आहेत. लिओनार्दोनं ओल्या गिलाव्यावर न रंगवता कोरड्या भिंतीवर रंगवलं, म्हणून त्याच्या हयातीतच रंग सुटायला लागला. १६५२ साली भिंतीत दार मोठं करताना येशूचे पाय कापले गेले. १९४३च्या बॉम्बहल्ल्यात छप्पर आणि शेजारची भिंत पडली. वाळूच्या पोत्यांआड ही भिंत मात्र उभी राहिली. बाहेर आल्यावर बाबा बराच वेळ बाकावर बसून होते. मी गुप्त खुणांचा विषय पुन्हा काढला नाही.

वाचनालयातून

मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात काम करते. या कादंबरीच्या मराठी अनुवादाची आमची प्रत दोनदा बांधून घ्यावी लागली. ३२५ सालच्या नायसियाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदेत येशूला मतदानानं, तेही थोडक्या फरकानं देव ठरवलं, असं ज्या पानावर येतं तिथे कुणीतरी समासात पेन्सिलीनं 'पुरावा?' असं लिहिलं होतं. पुस्तकावर लिहिलेलं मला अजिबात खपत नाही, पण त्या प्रश्नानं मी विश्वकोशाचा खंड काढला आणि तिथून पुढे वाचत गेले. वाद होता तो पुत्र, म्हणजे येशू, हा पित्याच्या, म्हणजे देवाच्याच सत्त्वाचा की त्यानं निर्माण केलेला, असा. जमलेल्या सुमारे तीनशे बिशपांपैकी शेवटपर्यंत सही नाकारणारे दोघेच निघाले. बायबलमध्ये कुठली पुस्तकं घ्यायची, हा तर तिथे विषयच नव्हता.

खोडरबर घेऊन त्या पानाशी बसले होते. तेव्हा दिसलं, खाली दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात 'मलाही हवाय' असं लिहिलेलं होतं. मी दोन्ही तसंच ठेवलं.