विषय: धक्क्यावरच्या मासेमारीच्या ट्रिपसाठी रील, ४००० साइझचं कुठलं? शुक्रवारच्या आत सांगा

बाळू:
मंडळी, सेल शुक्रवारी संपतोय. सिडनीतल्या क्लिफ्टन गार्डन्सच्या धक्क्यासाठी गळाची दोन रीलं घ्यायचीत. पेन बॅटल थ्री, दाइवा बीजी की शिमानो स्ट्रॅडिक, तिन्ही ४००० साइझचीच बघतोय. गेल्या वेळचं रील कोणामुळे गेलं ते परत उकरू नका प्लीज.

नाना:
बाळू, तिन्ही ४००० म्हणतोस तिथेच घोळ आहे. चपलेच्या नंबरासारखं असतं ते, कंपनी बदलली की माप बदलतं. साधं बीजी (एमक्यू मॉडेल नव्हे) ४००० घेतलंस तर साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि स्ट्रॅडिकचं एफएल मॉडेल ४००० मध्ये तीनशेच्या आत. डब्यावरचा आकडा सोड, वजन बघ आणि स्पूलवर (दोरी गुंडाळायच्या चकरीवर) किती पौंडाची दोरी किती मीटर मावते ते बघ. टेलर, फ्लॅटहेड असल्या माशांना हलकं बरं, दिवसभर टाकून टाकून मनगट जातं. किंगफिश लागला तर गोष्ट वेगळी, तो सरळ धक्क्याच्या खांबांत घुसतो, तिथे ड्रॅगच (सुटणाऱ्या दोरीवरचा ब्रेक) लागतो.

वहिनी:
किंगफिश म्हणजे सुरमईच ना? मग दोन मोठ्या आणा, तुकड्या मी तळते.

नाना:
नाही हो वहिनी, गावी सुरमईला किंगफिश म्हणतात, इथला किंगफिश म्हणजे यलोटेल किंगफिश, वेगळाच मासा. सुरमई म्हणजे इथलं स्पॅनिश मॅकरेल. आणि हा किंगफिश ६५ सेंमीच्या आत असला तर परत पाण्यात.

खजिनदार:
दोन रीलं कुठे ठरली? मीटिंगमध्ये एकच ठरलं होतं. शिवाय जुन्याचं राइट-ऑफ मीच केलंय, ड्रॅग धरत नव्हता म्हणून. बिल मंडळाच्या नावावर हवं, नाहीतर पैसे मिळणार नाहीत, गेल्या वर्षी दहीहंडीच्या दोरीचं काय झालं आठवा.

दादा:
राइट-ऑफ केलेलं ते रील माझ्या गॅरेजमध्ये आहे. काल ड्रॅग पूर्ण आवळला, स्पूल अंगठ्याने दाबून धरला आणि दोरी ओढली. स्पूल जागचा हलला नाही, पण दोरीचा अख्खा गुंडाळा स्पूलवर गरगर फिरला! दोष ड्रॅगचा नसावा, कोणीतरी ब्रेड (विणलेली दोरी) थेट स्पूलवर गुंडाळलीय, ती सटकते. आधी तंगूसाचे (नायलॉनच्या दोरीचे) थोडे वेढे द्यायचे असतात, मग ब्रेड. आमच्या मालवणच्या आजोबांना रील माहीत नव्हतं, नुसत्या हाताने गरी टाकायचे, पण दोरी सटकली असं कधी ऐकलं नाही. आणि घरी आल्यावर पाइपचा जोरदार फवारा मारू नका रे, मीठ आत जातं. ड्रॅग आवळून हलक्या पाण्याने धुवायचं, वाळलं की सैल करून ठेवायचं.

खजिनदार:
ब्रेड मी गुंडाळलेली नाही.

वहिनी:
पण पुलाजवळचे मासे खायचे नसतात ना?

बाळू:
वहिनी, ते हार्बर ब्रिजच्या पश्चिमेचे, ते अजिबात खायचे नाहीत. आपण पूर्वेला असतो, पण तिथलेही साधारण महिन्याला १५० ग्रॅमच खा म्हणतात. दादा, मग ते जुनं शनिवारी आणाल का? नानांचा तंगूस चढवू आणि नवीन एकच घेऊ, स्ट्रॅडिक.

नाना:
माझा तंगूस का?